म्हैस वर गेली का?

शालनआत्यांना मी माझं ॲप पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा फोन हातात घेण्याआधी त्यांनी शेजारच्या तांब्यात चार बोटं बुडवली. मला वाटलं, हात धुतायत. पण त्यांनी बोटं पुसली नाहीत. तशाच निथळत्या हातानं माझा नवाकोरा फोन उचलला आणि पडद्यावर टिचक्या मारायला सुरुवात केली. माझा जीव खालीवर. पडद्यावर पाण्याचे थेंब पडले, त्या थेंबांनीच दोन बटणं दाबली, ॲप भलत्याच पानावर गेलं आणि तिथे जे अडकलं ते अडकलंच. आत्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "पावसासाठीच केलंयस ना रे हे? मग पावसात चालायला नको?"

मी महाडचा. दहा वर्षं पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. लोकांच्या डोळ्यांसमोर काय यावं आणि बोटाखाली काय यावं हे ठरवणं, म्हणजे स्क्रीन आखणं, हे माझं काम. आता त्याच कंपनीचं काम महाडात घरी बसून करतो. सावित्रीला पूर येणं ही आमच्याकडे काही नवलाई नाही, पण एका वर्षी पाणी असं काही चढलं की नदीकाठच्या वाड्यांतून कोण निघालं आणि कोण अडकलं हे दोन दिवस कुणालाच कळेना. त्यानंतर आम्ही चार मित्रांनी ठरवलं की या वाड्यांसाठी एक ॲप करायचं. पाणी वाढायला लागलं की प्रत्येक घराला प्रश्न जाईल, घरातून उत्तर येईल, आणि मदत कुठे हवी ते आम्हाला एका नकाशावर दिसेल. कल्पना झकास होती. मी तर मनातल्या मनात शाल-श्रीफळही स्वीकारून बसलो होतो. सुरुवात तुडीलच्या अलीकडच्या एका वाडीपासून करायची ठरली. वाडीचं नाव सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तिथली मंडळी मला वाडीत पाऊल ठेवू देणार नाहीत.

ती वाडी म्हणजे शालनआत्यांचं माहेर. माझं त्यांचं नातं काहीच नाही. वडिलांच्या ओळखीच्या, म्हणून आत्या. जन्मभर महाडला टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि निवृत्त झाल्यावर जवळच्या नाते गावात एका चढावरच्या घरात राहायच्या. काटक बांधा, पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि उजवा कान नेहमी बोलणाऱ्याकडे कललेला. वर्षानुवर्षं त्या कानाला हेडफोन लावून तो तसा झाला असं त्या म्हणत. त्यांच्याकडे भाषा दोन. एक घरची, वाडीतली. दुसरी ड्यूटीची, लख्ख शुद्ध. माणूस आवडला की त्या 'हाय-नाय'वर यायच्या, आणि शुद्ध बोलायला लागल्या की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

त्या ओल्या बोटांच्या दिवशी मी जरा घुश्शातच म्हणालो की लोकांनी हात पुसून बटण दाबावं, एवढी अपेक्षा काही जास्त नाही. त्यावर त्यांनी मला बसवलं आणि चहा दिला. त्यांच्या वेळी मुंबईहून माणूस फोन लावायचा, गावाचं नाव अर्धवट सांगायचा, कधी रडत असायचा, कधी प्यायलेला असायचा. नंबर चुकीचा लागला तर साहेबाच्या शिव्या आत्यांना पडायच्या, फोन करणाऱ्याला नाही. "तेव्हापासून एक धरून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "माणूस चुकला की आपण कुठं चुकलो ते बघायचं. तो नाय बदलायचा. तो घाईत हाय, भ्यालेला हाय, त्याचा हात ओला हाय." मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर पटलं काहीच नव्हतं. इतकी वर्षं याच कामात घालवलेल्या माणसाला एक निवृत्त ऑपरेटर शिकवणार, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

ते उतरवायला वाडीनंच मदत केली. एप्रिलात आम्ही वाडीतल्या सत्तावीस घरांतल्या फोनांवर ॲप चढवायला गेलो. सुरुवातीलाच ॲप फोन नंबर मागायचं आणि त्या नंबरावर आकड्यांचा कोड पाठवायचं. जगातलं प्रत्येक ॲप हे करतं, त्यात माझी काय अक्कल लागणार! मी घराघरात विचारत गेलो, तुमचा नंबर सांगा. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी घडाघडा नंबर सांगितले, एकानंही कागद शोधला नाही. मी खूश. आणि मग कोड येईनात. अर्धा तास झाला तरी एकाही फोनवर कोड नाही. तेवढ्यात वाडीतले सगळे फोन एकदम वाजायला लागले.

झालं होतं असं की स्वतःचा नंबर कुणालाच पाठ नव्हता. स्वतःला फोन कोण करतो? पाठ होता तो मुंबईतल्या मुलाचा. त्यांनी बिचाऱ्यांनी तोच सांगितला. त्यामुळे माझे सगळे कोड घाटकोपर, डोंबिवली आणि नालासोपाऱ्याला जाऊन पडले, आणि तिथल्या पोरांनी घाबरून गावी फोन लावले की कुणीतरी तुम्हाला फसवतंय, कोड सांगू नका, त्या माणसाला घरात घेऊ नका. दोन घरांनी मला खरोखरच बाहेर काढलं. डोंबिवलीच्या एका गृहस्थानं फोनवर माझा जो उद्धार केला, तो मी इथे लिहू शकत नाही. आत्या ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

पण हसून झाल्यावर त्यांनी कामही केलं. माझ्याबरोबर घरोघर फिरल्या. कोड, नंबर, पासवर्ड सगळं उडवलं. फोन कुठल्या घरातला आहे हे आम्हीच एकदा आत भरून ठेवलं आणि घरच्यांना काही विचारायचंच नाही असं ठरलं. बटणं तळहाताएवढी केली. नुसत्या स्पर्शानं ती लागेनात, तीन आकडे मोजेपर्यंत बोट दाबून धरावं लागे, म्हणजे थेंबानं काही व्हायचं नाही. रेंज गेली तर तेच उत्तर साध्या एसएमएसनं निघायचं. या एकेका गोष्टीसाठी मी त्यांच्याशी भांडलो, आणि दर वेळी तांब्या पुढे करून त्या जिंकल्या.

मे महिन्यात रंगीत तालीम घेतली. नदी कोरडी, ऊन मी म्हणतंय, आणि आम्ही आत्यांच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसलेलो. सांगितलं होतं की खेळ समजू नका, आत्ता जसे असाल तसं खरं उत्तर द्या. सकाळी दहाला प्रश्न सोडला: आपण सुरक्षित आहात का? दोनच बटणं, होय आणि नाही. दहा मिनिटांत सत्तावीसच्या सत्तावीस घरांतून उत्तर आलं, आणि सगळी घरं हिरवी. कंपनीत दहातल्या चौघांनी उत्तर दिलं तरी आम्ही पेढे वाटायचो. मी उठून अक्षरशः नाचलो.

आत्यांनी चष्मा लावून नकाशा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "सगळी हिरवी?" त्या म्हणाल्या. "मग हे चुकीचं आहे." शुद्ध भाषा ऐकून मी नाचायचा थांबलो. त्यांनी मला तसंच गाडीवर बसवून वाडीत नेलं. पहिल्याच घरात एक आजोबा पायाला प्लास्टर घालून खाटेवर एकटे पडलेले. सून बाजाराला गेलेली. त्यांना उठून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं, पण उत्तर होय. पुढच्या घरात आत्यांची वहिनी. थोरल्या भावाची बायको, सत्तरीची, नवरा गेलेला, मुलगा मुंबईला. तापानं फणफणलेली, गोधडी घेऊन पडलेली. उत्तर होय. मी विचारलं की मावशी, खोटं कशाला सांगितलंत? तर त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "बरं हायस का म्हणून कुणी इचारलं, तर बरंच हाय म्हनायचं. दुसरं काय म्हनायचं?"

परत येताना माझं डोकं फिरलं. मी आत्यांना ऐकवलं की लोकच खरं बोलणार नसतील तर कुठल्याही ॲपचा बाप काही करू शकत नाही. सहा महिने माझे फुकट गेले, आता जे व्हायचं ते होऊ दे.  घरी पोचल्यावर आत्यांनी मला आदल्या वर्षीच्या पुराची गोष्ट सांगितली, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी दुपारी त्यांनी वहिनीला फोन केला होता. वहिनी म्हणाली, बरं हाय. आत्यांनी फोन ठेवला आणि जेवायला बसल्या. वहिनी तेव्हा घराच्या माळ्यावर बसली होती, खाली चुलीवरून पाणी चाललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसांनी कौलं काढून तिला बाहेर घेतली. "जन्मभर मी फोनवरचे आवाज ऐकले," आत्या म्हणाल्या, "आणि माझ्या घरचा आवाज मला कळला नाय." हे सांगताना त्या रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच. येत्या पावसात पुन्हा तेच होईल, वहिनी किंवा दुसरी कुणी 'बरं हाय' म्हणत बुडेल, ही एकच भीती त्यांच्या मनात घर करून होती. ॲपच्या प्रत्येक बटणामागे त्या हात धुऊन का लागल्या होत्या, ते मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी सकाळी सातला त्यांचा फोन. ये, सापडलं. मी गेलो तर त्या अंगणात फेऱ्या मारत होत्या. त्यांना आठवलं होतं ते असं. पूर्वी वाडीतून मुंबईला तीन मिनिटांचा ट्रंक कॉल जोडला की लाइन लागली का हे बघायला त्या पहिलं थोडं ऐकायच्या. मुलगा विचारायचा, बाबा बरे आहात ना? बाबा म्हणायचे, बरं हाय. मग मुलगा विचारायचा, बैल कसा आहे? की बाबांना वाचा फुटायची. बैलाचा पाय सुजलाय, वैरण संपलीय, गोठ्याची भिंत पडली, त्याला पडवीत बांधलाय आणि आम्ही सगळे शेजारी झोपतो. स्वतःचं सगळं दुखणं बैलाच्या तोंडून बाहेर यायचं. "स्वतःबद्दल कुणी सांगायचा नाय," आत्या म्हणाल्या. "लाज वाटते. पोराला काळजी नको. पण जनावराबद्दल खोटं नाय बोलायचा. इंजिनेर, प्रश्न असा इचार की खरं सांगायला लाज वाटू नये."

 कामाबद्दल इतकं शहाणं वाक्य मला पुण्यात कुणी ऐकवलं नव्हतं. पण माझ्यातला शहाणा गप्प बसेना. ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांचं काय? आत्यांचं उत्तर तयार होतं. पुन्हा घरोघर गेलो. या वेळी एकच प्रश्न विचारला: पाणी आलं तर घरातून पहिलं काय बाहेर काढाल? लोक खुलून बोलायला लागले. कुणाच्या बकऱ्या, कुणाच्या कोंबड्या. एका बाईचं शिलाई मशीन. प्लास्टरवाल्या आजोबांनी भजनाचा मृदंग सांगितला. एका घरानं देवाचे टाक. वहिनीची म्हैस, चंद्री. मी प्रत्येक घराच्या फोनवर त्याचं त्याचं चित्र घातलं, त्यांच्याच वस्तूचा, त्यांच्याच जनावराचा फोटो. खाली दोन बटणं. 'खाली' आणि 'वर'. वर म्हणजे वाडीच्या डोक्यावरचा माळ, जिथे शाळा आहे. माणसाबद्दल एक अक्षर नाही. आत्यांनी एक शेवटची भर घातली. ज्या घरातून उत्तरच येणार नाही ते मी करड्या रंगात दाखवत होतो. त्यांनी ते लाल करायला लावलं आणि म्हणाल्या, जे घर गप्प आहे तिथे पहिलं जायचं.

पुढे जुलैत तो दिवस आला. पहाटेपासून पोलादपूरच्या बाजूला नुसता धो धो. आठ वाजता नदी फुगल्याची खबर आली आणि आम्ही आत्यांच्या पडवीत जमलो. प्रश्न सोडला. पहिल्या फेरीत सगळे 'खाली', आणि मला त्या 'खाली'चा इतका आनंद झाला म्हणून सांगू! खरं होतं ते. आम्ही वाडीतल्या तरुण गड्यांना फोन करून निघायला सांगितलं, आणि नऊच्या सुमाराला एकेक चित्र हलायला लागलं. बकऱ्या वर. कोंबड्या वर. शिलाई मशीन वर. ते मशीन दोघांनी काठीला बांधून नेलं असं नंतर कळलं. पुढच्या फेरीत एक घर लाल झालं, तिथे माणूस पाठवला तर फोन भिजू नये म्हणून पिठाच्या डब्यात ठेवलेला. त्या घरचे देवाचे टाक आले. मृदंग वर आल्याचं दिसलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण मृदंगाबरोबर आजोबा आले होते. साडेदहापर्यंत सव्वीस घरं वर.

राहिलं एक. चंद्री खाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनींचा मुलगा, मुंबईहून. म्हणाला, आईशी आत्ताच बोललो, ती वर पोचली, सगळं बरं आहे, तुमचे आभार. मी लॅपटॉपकडे बघितलं. चंद्री खालीच. आमच्यातला एक जण म्हणाला की बटण दाबायचं विसरल्या असतील, गोंधळात होतं तसं, मुलाला स्वतः सांगितलंय म्हणजे झालं. खरं तर मलाही तसंच वाटत होतं. वाडी आणि माळ यांच्यामधला ओढा गुडघाभर झाला होता. एका चित्राच्या भरवशावर त्या पाण्यात माणसं परत पाठवायची, आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर? मी पुन्हा प्रश्न सोडला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. खाली.

आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. माळावरच्या गड्यांना त्यांनी स्वतः लावला आणि ड्यूटीच्या आवाजात, एक एक शब्द सुटा करून सांगितलं, "वहिनी घरी आहेत. वर आलेल्या नाहीत. चार जण निघा, दोर घ्या." त्यांनी फोन ठेवल्यावर, मुलाला काय सांगू असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पोराला सांगितलं ते आईनं. ह्ये म्हशीच्या मालकिणीनं सांगितलंय. ह्येच खरं."

त्यानंतरचा पाऊण तास आम्ही तसेच पडवीत होतो. आत्या उजवा कान फोनकडे करून बसल्या होत्या. मी नकाशाकडे बघत होतो आणि देवाचं नाव घेत होतो, जे मी एरवी घेत नाही. गाभण म्हैस ओढ्याच्या पाण्याला बुजली होती, पुढे पाऊल टाकेना, आणि तिला सोडून वहिनी निघेनात, असा तिथला प्रकार. चौघांनी म्हशीला दोर लावला, वहिनींना मध्ये घेतलं आणि दोघींना ओढून पार केलं. ते माळावर पोचल्यावर कुणी फोन करायच्या आधी आमच्या पडद्यावर चित्र हललं. चंद्री वर. वहिनींनी माळावर उभं राहून, ओल्या बोटानं, तीन आकडे मोजत बटण दाबलं होतं. दीड वाजता त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि संध्याकाळपर्यंत माळ्याच्याही वर गेलं. सत्तावीस घरांतलं एक माणूसही खाली नव्हतं. आम्ही चौघं बाप्ये पडवीत एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो आणि मग आत्यांनी केलेला भात तुटून पडून खाल्ला.

आत्या त्यानंतर दोन पावसाळे होत्या. दोन्ही वर्षं त्यांनी तालीम घ्यायला लावली आणि शेजारच्या तीन वाड्यांत घरोघर जाऊन, पहिलं काय बाहेर काढाल, हे स्वतः विचारलं. मग एका डिसेंबरात चार दिवसांच्या दुखण्यानं गेल्या. आजही मी कुठलीही स्क्रीन आखली की आधी तांब्यात बोटं बुडवतो. कंपनीतले लोक हसतात. हसोत.

पण मला सांगायचंय ते पुराच्या दुसऱ्या दिवसाचं. रस्ता मोकळा झाल्यावर मी आत्यांना गाडीवर बसवून माळावर नेलं. शाळेच्या व्हरांड्यात अख्खी वाडी होती. कडेला चंद्री रवंथ करत बसलेली आणि तिला टेकून वहिनी. आम्हाला बघताच त्या कुणी न विचारता म्हणाल्या की मी मदत मागितली नाय हां, उगाच पोरांना पाण्यात घातलंत. "म्हशीचं इचारलंत, मी म्हशीचं सांगितलं."

मी हसलो. आत्या हसल्या नाहीत. त्या खाली फरशीवर वहिनीच्या शेजारी बसल्या, तिचा हात आपल्या हातात घेतला. मग हळू आवाजात विचारलं, "वैनी, भ्याली व्हतीस का गो?"

वहिनीनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग आत्यांकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "लय भ्याले शालन. मागल्या वर्षी पन भ्याले व्हते."